स्वतःची पाटी उतरवताना

लेकीकडे कोपनहेगनला गेलो, तेव्हा निवडणूक नुकतीच संपली होती. समोरच्या खांबाला शिडी लावून एक म्हातारा स्वतःच्याच हसऱ्या फोटोची पाटी सोडवत होता.

"बाबा, हे आमचे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार. इतक्या वर्षांनी यंदा पडले," लेक म्हणाली. "निकालानंतर इथे ज्याच्या पाट्या त्यानेच उतरवायच्या."

घरात बल्ब बदलायचं टाळणारा मी, धावत जाऊन शिडी धरली. माझी बदली झाली तेव्हा माझा चहा संपायच्या आत शिपायाने केबिनच्या दारावरची माझ्या नावाची पाटी काढली होती. फार राग आला होता. आज वाटलं, दयाळूच होता बिचारा.

म्हातारा दमून खाली उतरला. "पुन्हा लढणार का?" लेकीने डॅनिशमध्ये विचारलं.

रस्त्याच्या टोकापर्यंत खांबाखांबावर तोच हसत होता. तिकडे बघत तो म्हणाला, "आधी हे सगळे उतरू देत, पोरी."