घोरण्याचा पगार

हे कुणी वाचलंच, तर शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घाला; माझी शाळा चौथीतच सुटली. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकी कर्तबगार बाई अख्ख्या पुण्यात नाही, एवढं लिहायला चौथी पुरते. त्यांनी जितक्या नोकऱ्या सोडल्या तितक्या लोकांना मिळतही नाहीत. सोडल्या हा त्यांचा शब्द. मालक दुसरा वापरत. जाऊबाई टेकल्या की झोपतात आणि झोपल्या की घोरतात. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक दर विचारत असतानाच त्या घोरल्या. गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्या ऐपतीवर शेरा मारला. पुण्याच्या दुकानात असं वाटणं साहजिक आहे. नाट्यगृहात बॅटरी घेऊन लोकांना खुर्ची दाखवायचं काम मिळालं, तर नायिका मरताना मागून असा आवाज आला की प्रेक्षक हसले. त्या नाटकाला दाद मिळाली ती तेवढीच.

मग दिवाळीनंतर जाऊबाईंनी एका सरांचा वर्ग लावला. 'आपल्यातले गुण ओळखा, मनासारखं काम मिळवा.' फी भरमसाट, म्हणजे सरांनी स्वतःतला गुण ओळखला होता. पैसे माझ्याकडून नेले. लोकांच्या घरी पोळ्या लाटून लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले, जूनमध्ये भरायचे. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, ते मला जमत नाही.

वर्गावरून थेट आमच्या घरी आल्या त्या सगळ्यांचे गुण घेऊनच. माझे यजमान दिवसभर टीव्हीसमोर, त्यांना म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे चिकाटी आहे. कुठल्याही कामात चालेल." मग माझ्याकडे वळल्या. "अगं, तू बोलत नाहीस, हा केवढा गुण! बँकेत घेतील."

"चौथी पास?"

"म्हणूनच. जास्त शिकलेल्या बोलतात."

"आणि जाऊबाई, तुमचा गुण?"

"सर म्हणाले, न शिकता, न थकता काय करता ते आठवा. आठवता आठवता माझा डोळा लागला."

म्हणजे सरांना उत्तर मिळालं. सगळ्या वर्गालाच मिळालं असणार.

कसब्यात मी ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या निवृत्त शिक्षिका एकट्याच, मुलगा परदेशात. त्यांना सोबतीला झोपायला बाई हवी होती. लेकीची फी डोळ्यांपुढे होती, म्हणून मी जाऊबाईंचं नाव सुचवलं. घोरण्याचं बोलले नाही; न बोलणं हा माझा गुणच. दुसऱ्या दिवशी धास्तावतच कणीक मळायला घेतली.

"आधीच्या बाया इतक्या गप्प झोपायच्या," शिक्षिका म्हणाल्या, "की आहेत का गेल्या, ते मीच उठून बघायचे. यांचं बरं आहे. भिंतीपलीकडून हजेरी लागते."

जाऊबाई कायम झाल्या. संध्याकाळी खडकीहून येत, सकाळी परत जात आणि पगार झाला की माझ्याकडे येऊन थोडे थोडे पैसे देत. चहा घेत, तासभर आमच्या सगळ्यांतले नवे गुण सांगत आणि भिंतीला टेकून झोपून जात.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी उरलेले सगळे घेऊन आल्या.

"मोजून घे."

"राहू द्या हो."

"मोज गं. जाऊ आहे मी, सर नाही."

मोजले. बरोबर होते. चहा न घेताच त्यांनी चपला घातल्या. पुढच्या महिन्यात कशाच्या निमित्तानं येतील, ते मला सुचेना, आणि सहज या म्हणून मागून हाक मारणं या जन्मात जमलेलं नाही. पैसे मात्र पूर्ण फिटले.