हवेच्या पान्याचं दुखणं

आमच्या यांचा उजवा हात मोटारीनं नेला. नेला म्हणजे तुटून पडला नाही, होता जागेवरच. पण तेव्हा मोटार पुढून हँडल मारून सुरू करावी लागायची, ते हँडल एकदा उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हातानं भाकरीचा घास तोडता येई, चाकाचा गंजलेला नट काही सुटत नसे. पाय देऊन पाहिला तर पाना सटकायचा आणि हे पडायचे. मोटारी दुरुस्त करणाऱ्याला नट सुटत नसेल तर त्यानं काय करावं, तुम्हीच सांगा.

वलगावला माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, त्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "काहून लोखंडाच्या मागं लागला बाप्पा? वांग्याले पाना नाई लागत. चाल मळ्यात."

आमचं सगळं घराणं भाजीपाल्याचं. हे एकटेच अमरावतीला रस्त्याच्या कडेला टिनाच्या छपराखाली मोटारींच्या पोटात शिरून बसलेले. छप्पर सोडून वलगावला जायचं म्हटलं की हे उठून सरळ मोटारीखाली शिरत. मळा वाईट होता असं नाही हो, पण यांचा जीव त्या छपरात होता.

दुसरी मोठी लढाई सरली होती आणि लष्कराचा नको झालेला माल अकोल्यात एका व्यापाऱ्याकडे आला होता. तिथून हे एक लोखंडी टाकी, तिच्यात हवा भरायचं लहान इंजिन, लांबलचक रबरी नळी आणि पिस्तुलासारखं एक जड धूड घेऊन आले.

"हा हवेचा पाना. याले जोर लावा लागत नाई. हवाच नट सोडते."

"हवा? आपली हवा?"

"मंग काय लोकाची?"

माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. हवेनं पतंग उडतो, कडबा उडतो, हे ठीक. लोखंडाचा नट हवा कशी सोडवणार?

सोडवला, बरं का! पान्याच्या तोंडाला नटावर टोपीसारखी बसणारी पोकळ लोखंडी गोटी बसवली, यांनी पाना हातात धरून नुसती कळ दाबली, आणि असा खडखडाट उठला की आत्याबाई, माझ्या सासूबाई, छपरामागच्या घरातून ओरडत आल्या, "कोणाचं छप्पर पडलं वो?" नट भिरभिरत बाहेर आला. यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं, ते हात मोडल्यापासून मी पाहिलंच नव्हतं.

व्यापाऱ्यानं सांगितलेलं हे नेमानं पाळत. सकाळी नळी जोडायच्या आधी पान्याच्या हवेच्या तोंडात चार थेंब तेल. संध्याकाळी टाकीची खालची तोटी उघडायची. आणि गोटी बदलायची तर आधी हवा बंद, नळीतली उरलेली सोडून द्यायची, मगच हात लावायचा. एकदा हवा चालू असताना नळी निसटली, तर सापासारखी अंगणभर आपटत सुटली. तेव्हापासून मी जवळ गेले की हे आधी ओरडत, "पदर खोच! इंजिनाचा पट्टा गुंडाळून घेईन त्याले!"

माझा गोंधळ मात्र वाढतच गेला. संध्याकाळी तोटी उघडली की टाकीतून पाणी यायचं. हवा भरली, पाणी कुठून आलं? इंजिनातून टाकीत जाणारी नळी तापून हात भाजायचा, आणि त्याच हवेवर चालणारा पाना गार पडायचा. यांना विचारलं तर म्हणाले, "मलेही नाई समजत. चालते ना? मंग झालं."

आणि मग तो चालेना. एकदम नाही, आस्ते आस्ते. आधी सकाळचा थोडा कुरकुरायचा. मग दिवसभर. खडखडाटाचं नुसतं कण्हणं झालं. ह्यांनी नळी तपासली, पट्टा बदलला, इंजिन खोललं. टाकीत हवा पुरेपूर. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. हे म्हणाले, "तेल कमी पडून राहिलं," आणि चाराचे दहा थेंब केले. पाना आणखी मंदावला. मग पळीभर ओतलं. दुसऱ्या दिवशी तो हललाच नाही.

अचलपूरच्या रस्त्यावर माणसं नेणाऱ्या मोटारींच्या मालकानं निरोप धाडला, की उद्या सकाळी चाकाच्या कामाला येणारी गाडी वेळेत सुटली नाही तर पुढचं काम दुसरीकडे. भासरे योगायोगानं आलेच होते, छपराकडं पाहून म्हणाले, "सामान न्याले बैलगाडी घेऊनच येतो."

मी भाजीला फोडणी द्यायला जवसाच्या तेलाची बरणी काढली. आमच्याकडं तेच तेल, खायलाही आणि, आता सांगते, पान्यालाही. तेल द्या म्हणाला व्यापारी, कोणतं ते त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. वऱ्हाडच्या घरात तेल म्हणजे जवसाचंच. बरणीचं झाकण हटेना. काठावर ओघळलेलं तेल वाळून चामडीसारखं चिकटलेलं.

"पुसून ठेवली नाई की असंच होते," आत्याबाई म्हणाल्या. "सुतार उगाच लावते का दाराले? वाळून घट्ट होते म्हणूनच ना."

मी बरणी तशीच घेऊन छपराखाली गेले. "अहो, हे पाहा. पान्याच्या पोटात असंच झालं असंन का?"

ह्यांनी बरणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाना खोलला. आतल्या पात्या पिवळ्या चिकट थरानं जागच्या जागी बसलेल्या. घासलेट मिळायची मारामार होती, कंदिलातलं काढून घातलं. पात्या भिजवल्या, पुसल्या, मग शिंप्याकडून शिलाई यंत्राचं पातळ तेल आणून तेच दोन थेंब. खडखडाट उठला तेव्हा मला रडू आलं, काहून ते मलाही समजलं नाही.

सकाळी गाडी आली. चाक निघालं, काम झालं, चाक परत बसलं, हवेनंच नट कसले. पण ड्रायव्हर काही चढेना.

"मिस्त्री, यंत्रानं कसलेलं मी मानत नाई जी. कमी कसलं तर चाक जाते, जास्त कसलं तर बोल्ट तुटते. हातानं पाहून द्या."

हे उजव्या हाताकडं पाहत उभे राहिले. मोटारीत माणसं बसलेली, मालकाचा माणूस घड्याळ पाहून राहिलेला.

मी पदर खोचला आणि लांब दांड्याचा पाना उचलला.

"हे काय वहिनी?" ड्रायव्हर हसला. "आता बाया मोटारी कसतीन का?"

"तुमी चाक पाहा, बाई नोका पाहू."

ह्यांनी डावा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. "ओढ. आणखी. बस्स! लागलं ना हाताले?" लागलं. नट बसला की दांडा हाताशी बोलतो, ते तेव्हा मला कळलं. समोरासमोरचे नट घेत आम्ही चाक पुरं केलं. ड्रायव्हरनं दांड्याला एक हिसका देऊन पाहिला, आणि गाडीत चढला.

गाडी वळणापल्याड गेली तरी आम्ही दोघं आवाज ऐकत उभे. मग हे म्हणाले, "दुपारी आणखी एक येऊन राहिली. जेवून घे लवकर."

हवेत एवढा जोर कुठून येतो, हे मला आजही उमगलेलं नाही.