टाचेची कंडरा

सावली गावातल्या एका लहान दवाखान्यात व्यायाम शिकवणारे एक भाऊ होते. कुणाच्याही पायाला हात लावण्याआधी ते तळहात चोळून गरम करायचे, आणि महत्त्वाचं वाक्य दोनदा बोलायचे. मी पोस्टमन. सायकलवरून पडून माझ्या टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, अर्धी फाटली होती. प्लास्टर निघालं तरी लंगडणं जाईना, आणि माझी तर नोकरीच पायांवर.

एकदा मी त्यांना पेपरातलं कात्रण दाखवलं. मूळपेशी टोचून फाटलेली कंडरा सांधतात, असं त्यात होतं.

"नागपूरले जाऊन टोचून घेऊ का, भाऊ?"

ते हसले नाहीत. कात्रण घेऊन डॉक्टरांना विचारून आले.

"घोड्यायवर करून राह्यले, पोस्टमनभाऊ. मानसाचं अजून पक्कं नाई. पक्कं नाई. खोटी आस मी नाई देनार."

माझे डोळे भरून आले. तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या शेजारी पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा हळूहळू खाली सोडू लागले. तीन महिने ते रोज असेच माझ्यासोबत उभे राहून हा व्यायाम करत राहिले.

पुन्हा टपाल वाटू लागल्यावर मी आभार मानायला गेलो. मला बोलूच न देता त्यांनी व्हरांड्यातल्या पेशंटांना हाक मारली, "इकडे पाहा, हे भाऊ कसे चालून राह्यले!"

मी त्या पेशंटांसाठी फाटकापर्यंत न लंगडता चालत गेलो, आणि चालतच परत आलो.