वाल्मिकची नजर

मुरबाडजवळच्या आमच्या गावात लग्न ठरलं की वाजंत्र्यांच्या आधी काळूराम पेंटर ठरायचा. दाराशेजारच्या भिंतीवर त्याचा गणपती, खाली नवरा-नवरीची नावं. सुयोगला ब्रश धरायला त्यानेच शिकवलं. त्याच सुयोगने पुढे फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स आपल्याच घरावर, काळूरामच्या गणपतीवरच ठोकला. खिळा थेट सोंडेत. काळूराम आणि मी समोरच उभे होतो.

"आता ह्या भिंती कोण बघतो, काका?" सुयोग म्हणाला.

त्याचा बाप वाल्मिक ओट्यावर बसला होता. त्याने पोराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

काळूरामने घरी जाऊन सगळे ब्रश चुलीत घातले. याचं उट्टं काढल्याशिवाय मरणार नाही, असं बायकोला, गोदूला, बजावलं. मी म्हटलं, बरं केलंस. असल्या कृतघ्नाला माफ करणाऱ्यांतला मीही नाही.

पण उट्टं काढायचं कसं, ते सुचेना. एकदा म्हसाच्या जत्रेत बैल बघत बसलेलो असताना त्याच्या खिशात नातीची पेन्सिल निघाली. त्याने सहज पुठ्ठ्यावर बैलाचं वशिंड काढलं, आणि गडी हरखला. रंग कालवायला नको, टर्पेंटाइनचा वास नको. दाबलं की काळं, हात हलका सोडला की धुरकट. लहानपणी मातीत रेघा ओढायचो तसंच वाटतंय, म्हणाला. मग त्याला चटकच लागली. गोदू तांदूळ निवडताना काढली. माझे पडके दात काढले, तेही मला न विचारता.

गेल्या वर्षी वाल्मिक गेला. घरात त्याचा धड फोटो नव्हता. सुयोगने आधार कार्डावरचा फोटो कॉम्प्युटरवर घासूनपुसून गोरापान केला. त्याची आई सकुबाई तो बघून म्हणाली, "ह्यो माझा माणूस नाय." तिने सुयोगलाच काळूरामकडे पाठवलं.

हाकलून दे, असं मी काळूरामच्या कानात सांगितलं. तो हसला आणि काढतो म्हणाला.

ब्लेडने पुन्हापुन्हा टोक काढत, अगदी चवीने त्याने वाल्मिक काढला. कपाळाच्या आठ्या, फाटकी कानाची पाळी. डोळे सगळ्यात शेवटी. उपकार कशाला करतोस, मी चिडून विचारलं.

"उपकार नाय रं," तो म्हणाला.

सकुबाईने काचेवरून हात फिरवला आणि रडली. असाच बघायचा, म्हणाली. तसबीर दारासमोर लागली. सुयोग हार घालायला पुढे झाला आणि हार हातातच राहिला. मान खाली घालायच्या आधी बापाने ओट्यावरून त्याच्याकडे टाकलेली तीच नजर होती ती. तसबीर आतल्या खोलीत लावू म्हणून त्याने आईला विनवलं. तिने ऐकलं नाही.

आता सुयोग मागल्या दाराने ये-जा करतो. फ्लेक्स त्याने आपल्या हाताने उतरवला, सोंडेतला खिळा मात्र निघाला नाही. हे मी काळूरामला सांगितलं, तेव्हा तो पेन्सिलीला टोक काढत होता.

"वाल्मिक भुरकट पडला तर सांग," तो म्हणाला. "नजर परत गडद करून देईन."