लक्ष्मीपूजनाचं दळण

लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले आणि आमचा कुत्रा साखळी तोडून पळाला. त्याच्या कानात कापूस घालायची अक्कल माझी. तो कापूस त्यानं आधीच खाल्ला होता. शोधत निघालो, तर बंद इंदापुरात एकच गिरणी धडधडत होती. आत रिकाम्या पोत्यांवर हा पिठानं पांढरा होऊन निवांत पडलेला. एक अनोळखी बाई गिरणीत ओंजळीओंजळीनं ज्वारी सोडत होत्या.

“सणाला दळण?” मी ओरडलो.

“ह्या आवाजात त्याला बार ऐकू येत न्हाय. माझी ज्वारी संपत आली, रिकामी फिरवली तर गिरणीचं दगड झिजत्यात, तुमचं धान्य आणा. फटाकं थांबल्याबिगर मी गिरणी बंद करणार न्हाय!”

मी धावतपळत गहू-बाजरी एकाच पोत्यात ओतून आणली. बाईंनी कपाळाला हात लावला, पण गिरणी थांबवली नाही.

त्या पिठाची भाकरी आम्ही अजून खातोय. ज्याच्यासाठी दळलं, तो मात्र तिला तोंड लावत नाही.