मी व्यवस्थेत आहे

सिंगापुरात लग्नाळू मंडळींसाठी भरलेल्या यच्चयावत मेळाव्यांना गेलेला आणि तिथे खुर्चीला पाठ न टेकवलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचा भाडेकरू. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्याची. नागपूरकडचा, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत सेफ्टी इंजिनियर, पस्तिशीला टेकलेला, मला ताई म्हणायचा. मेळाव्याला हा सगळ्यांच्या आधी हजर. खुर्च्या मांडणार, माइक तपासणार, आल्यागेल्याला चहा देणार. कुणी विचारलं, "तुम्हीपण लग्नाचे का?" की लगेच, "छे, मी व्यवस्थेत आहे."

सेफ्टी त्याच्या हाडीमाशी खिळलेली. कुठेही घंटा वाजली की हा उठून दाराकडे चालायला लागणार, कारण रिफायनरीत तसंच करायचं असतं. एकदा शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह वाजला, तर हा हातातला घास ताटात टाकून उभा. माझ्या कुकरच्या पहिल्याच शिट्टीला तर हा माझ्याआधी ओट्याशी पोचून गॅस बंद करायचा. "ताई, प्रेशरशी खेळायचं नसतं." आमच्याकडे डाळ कायम कच्ची.

मेळाव्यात हा बसत का नाही, ते एकदा पोळ्या लाटताना मी खोदून खोदून विचारलं. पहिल्या वेळी खुर्चीच्या कडेवर टेकला होता म्हणे. समोर मुलगी आणि तिची आई. आईंनी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, म्हणून गाव विचारलं. मग अगदी गोड आवाजात, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" "नसतो. आम्ही बौद्ध," हा म्हणाला. तेवढ्यात आईंना कुणीतरी ओळखीचं दिसलं आणि मुलीला घेऊन त्या गेल्या, त्या गेल्याच.

"चहा देणाऱ्याला कुणी गणपती विचारत नाही, ताई," तो म्हणाला. मला त्या बाईचा असा संताप आला की तव्यावरची पोळी करपली. लग्न तर त्याला मनापासून करायचं होतं. एकटा जीव, पण कपसुद्धा जोडीनेच आणायचा.

तांजोंग पगारला माझी ऑफिसातली मैत्रीण भारतीयांसाठी स्पीड डेटिंग भरवायची. घंटा वाजली की मुलग्यांनी पुढच्या टेबलाशी सरकायचं. एका शनिवारी एक मुलगा आलाच नाही. मी याच्या हातातला कॉफीचा ट्रे काढून घेतला आणि मोकळी खुर्ची दाखवली.

"ताई, मी व्यवस्थेत..."

"आज व्यवस्था मी बघते. बस मुकाट्याने."

समोर पुण्याची एक अकाउंटंट होती. मी शेजारीच कप भरत होते, कान तिकडे. बरं चाललं होतं. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे किती दिवस..."

"आमच्याकडे गणपती नसतो," हा घाईने म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "मी सुट्टीचं विचारत होते. किती दिवस मिळते?"

आणि घंटा वाजली. सगळे मुलगे उठले. मला वाटलं, झालं, आता हा निघाला जिन्याकडे. पण हा जागचा हलला नाही. पुढचा मुलगा मागे उभा राहून दोनदा खाकरला, तरी हा आपला वार्षिक रजा, आजारपणाची रजा, सगळं तपशीलवार सांगत होता.

आता ती दोघं जुरोंगकडे राहतात. मागची खोली आम्ही अजून कुणाला दिलेली नाही. कुकरच्या हव्या तेवढ्या शिट्ट्या होतात, डाळ लोण्यासारखी शिजते. तरी पहिली शिट्टी झाली की मी एकदा त्या दाराकडे बघते.