नॉर्मल बीपी

चाकणच्या कंपनीत वीस वर्षं मी कॉम्प्रेसर सांभाळतोय. हवेचं प्रेशर मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा.

वडिलांना न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटर लागला, तेव्हा आयसीयूत मी उशाशी होतो. डॉक्टरांनी मशीनचं प्रेशर वाढवलं आणि थोड्याच वेळात अण्णांचं बीपी शंभरावर आलं. गोळ्या खाऊनही जे कधी दीडशेच्या खाली उतरलं नव्हतं, ते! मी लगेच महाळुंग्याला आईला फोन लावला, "बीपी नॉर्मल झालं." तेवढ्यात डॉक्टर मशीनचं प्रेशर कमी करायला धावत आले, तर मीच आडवा आलो. "राहू द्या की, आत्ता कुठं नॉर्मल आलंय."

"बाजूला व्हा!" ते ओरडले. "छातीत हवा दाबून भरली की हृदयाकडं रक्त कमी परततं. जुन्या बीपीच्या म्हाताऱ्या माणसाला एवढं उतरलेलं सोसत नाही."

अण्णा वाचले. भेटायला येईल त्याला सांगतात, "पोरगं उशाशी व्हतं म्हनून वाचलो. त्याला मशीनमधलं समदं कळतं."

मी चहाचं बघतो म्हणून आत जातो.